माणिकशेटची पहिली भिक्षा

"पण आहे कुणाचं ते?"

माणिकशेटनी पुन्हा तेच विचारलं.

सिस्टरच्या हातातल्या ट्रेमध्ये रक्ताची पिशवी होती. डॉक्टरीणबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या होत्या. सकाळपासून त्यांना बसायला मिळालेलं दिसत नव्हतं.

"काका, नाव नसतं हो पिशवीवर. रक्तगट असतो. तो तुमच्याशी जुळला, एवढं पुरे आहे."

"नाव नाही, गाव नाही… आणि माझ्या अंगात घालणार?"

"तुमच्या अंगातलं निम्मं वाहून गेलंय. पोटातली जखम आम्ही औषधांनी भरून काढू, पण तोवर टिकायला रक्त लागेल."

"मग राहिलेलंही जाऊ द्या."

एवढं बोलून माणिकशेटनी हात चादरीखाली घेतला आणि मूठ आवळली. चेहरा कागदासारखा पांढरा, ओठ सुकलेले, पण ताठा म्हणाल तर तिळभर कमी नाही.

डॉक्टरीणबाईंनी सिस्टरकडे बघितलं. "ठेव परत फ्रीजमध्ये. बाहेर फार वेळ ठेवता येत नाही."

पिशवी गेली. उशाशी उभ्या असलेल्या शेटच्या बायकोने, कलावतीबाईंनी, पदर तोंडात कोंबला.

आता हे माणिकशेट म्हणजे कोण, ते सांगायला हवं. तालुक्याच्या गावी यांची लाकडाची वखार. दिलदार माणूस. देवळाला तुळया हव्यात, शाळेला बाकं हवीत, कुणाच्या घरी मयत झाली आणि सरपण हवं, माणिकशेटकडे शब्द टाकायचा अवकाश. गाडी भरून दारात. नदीकाठच्या मठातल्या सोमपुरीबाबांचे हे पट्टशिष्य, निदान स्वतःच्या मते तरी. बाबांच्या धुनीला लाकूड यांच्याच वखारीतून जायचं.

देण्यात असा मोकळा हात. घेण्याचं मात्र नाव नको.

परान्न वर्ज्य! दुसऱ्याच्या घरचं अन्न खायचं नाही, हा नेम. बाबांनीच दिलेला. आणि शेटनी तो असा पाळला की गावाने तोंडात बोट घालावं. लग्नाला जाणार तर घरचा डबा घेऊन. पंगतीत सगळ्यांच्या पानात जिलेबी पडतेय आणि हे आपले डबा उघडून पोळी-भाजी खातायत. वर शेजारच्याला सांगतायत, "आमचा नेम आहे."

लेकीच्या घरी गेले तेव्हासुद्धा तेच. तिने बापासाठी पहाटे उठून पुरण वाटलं होतं. यांनी ओसरीवर बसून डबा सोडला. पोर स्वयंपाकघरात जाऊन रडली. तरी यांचं आपलं चालूच, "नेम म्हणजे नेम."

असा माणूस वखारीतच रक्त ओकून पडला. मजुरांनी उचलून दवाखान्यात आणला. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पोट तपासलं, जखम सापडली, उपायही सांगितला. आणि शेट अडून बसले ते रक्तावर.

अन्न नाही चालत तर रक्त कसं चालेल? घरचं असेल तर द्या, म्हणाले. कलावतीबाईंनी लगेच बाही वर केली. त्यांचा गट जुळेना. लेक धावत आली, तिचा जुळला. पण ती अंगावर पाजणारी, डॉक्टरीणबाईंनी तिला हात लावू दिला नाही.

मग पडून राहिले तसेच.

"बाबांचा अंगारा आणा," म्हणाले, "तेवढ्यावर उठतो की नाही बघा."

कलावतीबाईंचा संयम तिथे संपला.

"उठतो म्हणे! मान उचलता येईना आणि म्हणे उठतो. तुमचा नेम राहील हो, पण माझ्या कुंकवाचं काय?"

शेटनी डोळे मिटून घेतले.

"थांबा," बाई म्हणाल्या. "ज्यांनी नेम दिला त्यांनाच घेऊन येते. सोडवायचा तर त्यांनीच सोडवावा."

आणि पायांत चपला सरकवून निघाल्यासुद्धा.

सोमपुरीबाबा आले ते माधुकरी आटोपून, तसेच. दुपारी गावात फिरून चार दारची भिक्षा मागायची आणि मिळेल ते खायचं, हा त्यांचा शिरस्ता. खांद्याला झोळी होती, पाय धुळीने भरलेले. वॉर्डाच्या दाराशी थांबून त्यांनी पायपुसण्यावर पाय नीट पुसले आणि मगच आत आले.

"काय रे माणक्या?"

माणिकशेटच्या डोळ्यांना एकदम पाणी आलं. एवढ्या मोठ्या माणसाला माणक्या म्हणणारं जगात दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"बाबा, आलात… आता काळजी नाही. अंगारा लावा."

बाबांनी कमरेचा बटवा सोडला. चिमूटभर अंगारा शेटच्या कपाळाला लावला. लावताना हात जरा वेळ डोक्यावर तसाच ठेवला.

"लावला. आता?"

"आता बरा होईन."

"बरं."

बाबा स्टुलावर बसले. मांडीवर झोळी घेतली आणि तिची गाठ नीट करत राहिले.

…

कलावतीबाईंना राहवेना. "बाबा, अहो सांगा की यांना काहीतरी!"

"काय सांगू? अंगारा मागितला, मी दिला." मग शेटकडे वळून म्हणाले, "माणक्या, हा अंगारा कुठला रे?"

"धुनीतला."

"धुनीत लाकूड कुणाचं?"

एवढ्या ग्लानीतही शेटची मान उशीवर जरा वर आली. "माझंच की. वखारीतून येतं."

"म्हणजे तुझंच लाकूड जाळून तुझ्याच कपाळाला लावलं… मग गुण कसा यायचा?"

 शेटना राग आला. मरणाच्या दारात माणूस पडलाय आणि गुरू थट्टा करतोय, ही काय रीत झाली?

"बाबा, मला शब्दात पकडू नका. तुम्ही दिलेला नेम आहे. जीव गेला तरी मोडणार नाही."

"कुठला नेम?"

"कुठला म्हणजे? परान्नाचा!"

बाबांनी डोळे बारीक करून आठवून बघितलं. "परान्न… हां. ते सुताराच्या लेकीचं लग्न. बुंदीचे लाडू होते."

"असतील."

"होते. तू पहिल्याच घासाला ओरडलास, बुंदीला खवट वास मारतोय म्हणून. भर पंगतीत. पोरीचा बाप वाढायला उभा होता. लाडवांची परात तशीच आत घेऊन गेला बिचारा."

शेटनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"त्याच्या आधी एका बारशाला आमटी पाणचट म्हणालास. बाराव्याच्या जेवणालासुद्धा नाव ठेवलंस, मढ्याच्या घरी! मला वाटलं, हा जिथे जेवेल तिथला माणूस दुखावतोय. म्हणून सांगितलं, माणक्या, काही दिवस घरचंच खा."

"काही दिवस?"

"काही दिवस."

"पण किती दिवस ते तुम्ही सांगितलंच नाही!"

"तू विचारायला येशील म्हणून थांबलो होतो. आलास तो डबा घेऊनच आलास."

सिस्टर पलीकडे सलाईन बदलत होती. तिने हसू दाबायला तोंड फिरवलं. कलावतीबाईंनी मात्र कपाळावर हात मारून घेतला. लेकीचं ते पुरण त्यांना आठवलं असणार.

माणिकशेट छताकडे बघत राहिले. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर मान ताठ ठेवली ते व्रत म्हणजे पथ्य होतं… पोट बिघडलेल्या पोराला सांगावं, दोन दिवस भजी खाऊ नकोस, तेवढंच. आणि त्या पोराने त्याचा झेंडा करून गावभर मिरवावा! शरमेने कान तापले.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"किती खुशीत होतास तू. मला वाईट वाटलं."

…

बाहेरच्या बोळातून स्ट्रेचरची चाकं खडखडत गेली.

"म्हणजे आता घ्याल रक्त?" कलावतीबाई पुढे वाकल्या.

शेटनी मान हलवली. नाही.

"अहो, आता काय राहिलं?"

आता मात्र माणिकशेटचा आवाज बदलला. ताठा उतरला आणि खालून भलतंच काही बाहेर आलं.

"मला भीती वाटते, बाबा."

"मरणाची?"

"नाही… म्हणजे तीही वाटते. पण तशी नाही. जन्मात कुणापुढे हात पसरला नाही मी. बाप लहानपणी गेला, तेव्हा चुलत्याच्या घरी जेवताना रोज ऐकायचो, आमच्या जिवावर वाढतंय कार्टं. तेव्हा ठरवलं, द्यायचं तेवढं देईन, घेणार नाही कुणाचं. आणि आता हे… अंगातच भिनणार, बाबा. परत कसं करणार? कुणाला करणार?"

कलावतीबाईंनी हे कधी ऐकलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही नाही. त्यांनी नवऱ्याचा पाय चादरीवरून धरला आणि तशाच उभ्या राहिल्या.



"चुलता वाईट बोलला," बाबा म्हणाले. "भाकरी काही बोलली नव्हती."

…

"आणि देणारा कसल्या चालीचा असेल, देव जाणे," शेट पुटपुटले. पण या बोलण्यात आता जीव नव्हता. अडलेलं जनावर गोठ्याच्या दाराशी शेवटचा झटका देतं, त्यातला प्रकार.

"त्यालाही विचारता आलं असतं की, घेणारा कसल्या चालीचा आहे म्हणून. विचारलं नाही बिचाऱ्याने."

माणिकशेटनी डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी कानापर्यंत ओघळलं.

"आणा," म्हणाले.

कलावतीबाई धावल्याच. डॉक्टरीणबाई स्वतः पिशवी घेऊन आल्या. सिस्टरने ती स्टँडला अडकवली. पिशवीवर लिहिलेलं दोघींनी एकमेकींना वाचून दाखवलं, शेटच्या मनगटावरच्या पट्टीशी ताडून बघितलं.

बाबांनी पुन्हा बटवा सोडला. "पिशवीलाही लावू का अंगारा?"

"नको हो बाबा, तिला हात नाही लावायचा," सिस्टर म्हणाली. मग जरा थांबली आणि कपाळ पुढे केलं. "मला लावा. सुई मलाच टोचायची आहे."

बाबांनी लावला. डॉक्टरीणबाईंनीही मग मुकाट्याने मान खाली केली. त्यांनाही लावला.

"हं काका, हात उताणा ठेवा. मूठ सोडा," सिस्टर म्हणाली.

माणिकशेटनी हात पुढे केला. मूठ काही सुटेना. सोडायची तर होती, पण बोटं ऐकतच नव्हती.

"अहो, सोडा ना…"

"सुटत नाही गं," शेट काकुळतीने म्हणाले. माणूस खरंच घाबरला होता.

बाबा स्टूल ओढून जवळ सरकले. आपला सुरकुतलेला तळहात शेटच्या मुठीखाली धरला, भिक्षेला धरतात तसा.

"माणक्या, इतकी वर्षं माझ्या मागे लागला होतास ना, झोळी द्या म्हणून? तुमच्यासारखी माधुकरी मागीन म्हणून?"

"हो."

"मी दिली नाही. आज देतो. पहिल्या भिक्षेला मोठ्याने हाक घालावी लागते. घाल."

"इथे?"

"दार कुठलं का असेना."

वॉर्डातल्या सगळ्या खाटा इकडे बघत होत्या. त्यात वखारीत लाकूड उचलणारा मजूर होता, शेटकडून उसनवारीवर फळ्या नेणारा एकजण होता. माणिकशेटनी सगळीकडे नजर फिरवली. घसा खाकरला.

"माई… भिक्षा…"

"ऐकू नाही आलं. दार लावून घेतील."

शेटनी होता नव्हता तेवढा जीव गोळा केला.

"माई, भिक्षा वाढा!"



आणि कोपऱ्यातल्या खाटेशी, पाय मोडलेल्या लेकाच्या उशाला पेंगत बसलेली एक म्हातारी दचकून जागी झाली. ठमाबाई तिचं नाव. उभा जन्म दारातली हाक ऐकून उठण्यात गेलेला. डोळे उघडायच्या आधीच तिचं तोंड उघडलं, "आले रे बाबा! थांब जरा दारात, जाऊ नको!"

आणि पदर सावरत उठूनही उभी राहिली. मग आजूबाजूला बघितलं, खाटा दिसल्या, सलाईनच्या बाटल्या दिसल्या. "अगं बाई! मी दवाखान्यात व्हय!"

सगळा वॉर्ड खो खो हसला. तिचा लेक हसता हसता मोडक्या पायाने कळवळला. डॉक्टरीणबाई हसल्या. माणिकशेटसुद्धा हसले, आणि हसताना मूठ कधी उघडली ते त्यांनाही समजलं नाही. सिस्टरने तेवढ्यात शीर धरली.

थेंब थेंब करून रक्त नळीतून उतरायला लागलं.

"गार लागतंय," शेट म्हणाले.

"फ्रीजमधलं आहे ना," सिस्टर म्हणाली. "होईल ऊब."

दंडापर्यंत गारवा चढला आणि मग कुठे गेला ते कळेना. माणिकशेट त्या नळीकडे बघत पडून राहिले. कोण असेल? कॉलेजातलं पोर असेल, कुठल्या शिबिरात मित्रांच्या नादाने हात पुढे केलेलं? की कारखान्यातला कुणी, पाळी सुटल्यावर घरी जायचं सोडून रांगेत थांबलेला? सुई टोचताना त्याने मान फिरवली असेल का? कुणीही असो… देवा, त्याला सुखात ठेव. त्याच्या पोराबाळांना काही कमी पडू देऊ नकोस. माणिकशेट हे मनात म्हणाले, आणि मग ओठांनी म्हणाले, आणि मग कुणी ऐकतंय का याची पर्वा न करता मोठ्याने म्हणाले.

कलावतीबाई खाटेच्या कडेला बसल्या आणि पोटभर रडल्या. इतका वेळ दाबून ठेवलेलं रडू ते.

दुसऱ्या दिवशी शेटच्या ओठांवर रंग दिसायला लागला. रक्तस्राव थांबलाय, असं डॉक्टरीणबाई तोंडभर हसून सांगून गेल्या. आता पातळ पेज द्यायला हरकत नाही, म्हणाल्या.

कलावतीबाई घरी पेज करायला निघणार, तोच ठमाबाई वाटी घेऊन हजर. लेकासाठी सुनेने पाठवलेली तांदळाची पेज, त्यातलीच काढून आणलेली.

"घे रं लेकरा. काल मागितलीस आणि मी वाढलीच न्हाई. रातभर चुटपुट लागली जिवाला."

कलावतीबाईंनी श्वास रोखला. नवरा कुठल्या तोंडाने काय बोलेल याचा नेम नव्हता.

माणिकशेटनी दोन्ही हातांनी वाटी घेतली. एक घोट घेतला. पेजेत मिठाचा कणही नव्हता. जुनी जीभ वळवळली, अगदी टोकाशी शब्द आला…

"कशी हाय?" ठमाबाईने विचारलं.

"गरम आहे, आई," शेट म्हणाले. "छान गरम आहे." आणि वाटी संपेपर्यंत मान वर केली नाही.

संध्याकाळच्या भेटीच्या वेळी लेकीचा निरोप आला होता, बरे झालात की आधी माझ्याकडे जेवायला या. शेटनी तो बाबांना दोनदा सांगितला. बाबा त्याच स्टुलावर बसून ऐकत होते.

"बाबा, एकच खंत आहे."

"काय?"

"तुमच्या पाया पडलो. डॉक्टरीणबाईंना, सिस्टरना हात जोडले. ठमाआईच्या पाया पडू म्हटलं तर ती पळूनच गेली. पण ज्याने रक्त दिलं, ज्याच्यामुळे हे बोलतोय… त्याला नमस्कार करायला जीव तळमळतोय. डॉक्टरीणबाईंना परत विचारून बघितलं. नाव नाहीच कळायचं, म्हणाल्या."

…

बाबा उठले. झोळी खांद्याला लावली. शेटच्या उघड्या तळहातावर आपला हात एकदा ठेवला.

"कळलं नाही ते बरं झालं, माणक्या. एकट्यालाच केला असतास."